खेळाडूंचा हंगाम आणि मणक्यांचा ‘कट्’ आवाज

अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलपासून ऑलिम्पिकच्या क्रीडाग्रामापर्यंत कायरोप्रॅक्टिक या उपचारपद्धतीने आपले स्थान निर्माण केले आहे. ही पद्धत नेमकी काय आहे, ऐन हंगामात तिचा उपयोग कितपत होतो आणि कोठे थांबायला हवे, याचा हा आढावा.

अमेरिकेतील ‘नॅशनल फुटबॉल लीग’चा हंगाम सप्टेंबरमध्ये सुरू होतो आणि फेब्रुवारीतील ‘सुपर बोल’ने संपतो. २०२१ पासून प्रत्येक संघाच्या वाट्याला १८ आठवड्यांत १७ साखळी सामने येतात. शंभर-सव्वाशे किलो वजनाचे खेळाडू पूर्ण वेगाने परस्परांवर आदळत असल्याने सामन्याच्या दुसऱ्या दिवशी अंग ठणकत नाही असा खेळाडू विरळाच. पुढचा सामना मात्र आठवडाभरावर येऊन ठेपलेला असतो. तेवढ्या अवधीत शरीर पुन्हा उभे करण्यासाठी संघाकडे डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, मालीश करणारे आणि व्यायामतज्ज्ञ असा मोठा ताफा असतो. त्यातच आता कायरोप्रॅक्टरचीही गणना होते. लीगमधील कायरोप्रॅक्टरांच्या संघटनेच्या म्हणण्यानुसार सर्व ३२ संघांच्या खेळाडूंना ही सेवा उपलब्ध आहे.

उपचाराचे दृश्य साधेच असते. खेळाडू गादीच्या टेबलावर पालथा किंवा कुशीवर झोपतो. उपचारक हाताने चाचपून पाठीचा आखडलेला भाग शोधतो, तेथे तळहाताचा खालचा भाग टेकवतो आणि एक छोटा पण वेगवान झटका देतो. ‘कट्’ असा आवाज येतो आणि खेळाडू ‘मोकळे वाटले’ म्हणत उठतो. ही दृश्ये मोबाइलच्या पडद्यावरून आता मराठी घरांतही पोहोचली आहेत. मुंबई-पुण्यात असे दवाखानेही निघाले आहेत. मॅरेथॉनची तयारी करणारे नोकरदार आणि मुलाला वेगवान गोलंदाज करू पाहणारे पालक, दोघांनाही एकच प्रश्न पडतो: हा उपचार घ्यावा का? त्याचे उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ इतके सोपे नाही. त्यासाठी या पद्धतीचा इतिहास आणि तिच्यावरील संशोधन दोन्ही पाहावे लागते.

डेव्हनपोर्टमधील सुरुवात

कायरोप्रॅक्टिकचा जन्म अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्ट या गावी १८९५ मध्ये झाला. डॅनियल डेव्हिड पामर हे वैद्यकीय पदवीधर नव्हते; चुंबकीय शक्तीने रोग बरे करतो असे सांगून ते व्यवसाय करीत. त्यांच्या इमारतीत साफसफाईचे काम करणारे हार्वी लिलार्ड यांना नीट ऐकू येत नसे. त्यांच्या पाठीतील एक मणका आपण जागेवर बसवला आणि त्यांना ऐकू येऊ लागले, असा पामर यांचा दावा होता. ‘हाताने केलेले’ या अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून पद्धतीचे नाव ठरले आणि १८९७ मध्ये पामर यांनी तिचे शिक्षण देणारी संस्था काढली.

मणका किंचित सरकला की मज्जातंतूंवर ताण येतो आणि बहुतेक सर्व रोग त्यातूनच उद्भवतात, असे पामर यांचे म्हणणे होते. या कल्पित सरकण्याला ‘सबलक्सेशन’ असे नाव मिळाले. आधुनिक वैद्यकाने हा सिद्धांत कधीच स्वीकारला नाही. खुद्द ब्रिटनमध्ये या व्यवसायाचे नियमन करणाऱ्या ‘जनरल कायरोप्रॅक्टिक कौन्सिल’नेही २०१० मध्ये तो रोगाचे कारण म्हणून पुराव्याने सिद्ध झालेला नसल्याचे स्पष्ट केले. आज अनेक कायरोप्रॅक्टर पाठदुखी, मानदुखी आणि सांध्यांच्या तक्रारींपुरतेच स्वतःला मर्यादित ठेवतात. जुन्या सिद्धांताला धरून दमा, कानदुखी, प्रतिकारशक्ती यांवरही उपाय सांगणारे काही जण मात्र आजही आढळतात. खेळाडूला उपचारक निवडताना हा फरक ध्यानात घ्यावा लागतो.

न्यायालयापासून ऑलिम्पिकपर्यंत

अमेरिकेत कायरोप्रॅक्टिकला परवाना देणारे पहिले राज्य कॅन्सस. तेथे १९१३ मध्ये कायदा झाला. लुइझियाना हे अखेरचे राज्य. तेथे त्यासाठी १९७४ साल उजाडावे लागले. या काळात ‘अमेरिकन मेडिकल असोसिएशन’ने कायरोप्रॅक्टरांशी कोणताही व्यावसायिक संबंध ठेवणे अनैतिक ठरवले होते. त्याविरुद्ध चेस्टर विल्क व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये दावा दाखल केला. १९८७ मध्ये न्यायालयाने असोसिएशनचा हा बहिष्कार व्यापारस्पर्धेच्या कायद्याचा भंग करणारा असल्याचा निर्णय दिला आणि १९९० मध्ये तो अपिलातही कायम राहिला. हा निकाल स्पर्धेच्या कायद्यावर होता. उपचार शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध आहे, असे न्यायालयाने म्हटले नव्हते. तरीही रुग्णालये आणि क्रीडासंघांची दारे त्यानंतर अधिक उघडली, हे खरे.

क्रीडाक्षेत्रातील प्रवेश याच सुमारास झाला. १९७६ च्या माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये लिरॉय पेरी हे कायरोप्रॅक्टर अँटिग्वाच्या पथकाबरोबर होते. १९८० च्या लेक प्लॅसिड हिवाळी ऑलिम्पिकमध्ये जॉर्ज गुडहार्ट यांना अमेरिकेच्या वैद्यकीय पथकात स्थान मिळाले. क्रीडा कायरोप्रॅक्टिकचा आंतरराष्ट्रीय महासंघ १९८७ मध्ये स्थापन झाला. २०१० च्या व्हँकुव्हर हिवाळी ऑलिम्पिकपासून क्रीडाग्रामातील दवाखान्यात इतर उपचारांच्या बरोबरीने ही सेवाही उपलब्ध होऊ लागली.

अमेरिकेत कायरोप्रॅक्टर होण्यासाठी महाविद्यालयीन शिक्षणानंतर साधारण चार वर्षांचा अभ्यासक्रम, राष्ट्रीय पातळीवरील परीक्षा आणि राज्याचा परवाना आवश्यक असतो. खेळाडूंवर उपचार करू इच्छिणाऱ्यांसाठी पुढील प्रमाणपत्रेही आहेत. मात्र ते शस्त्रक्रिया करीत नाहीत आणि बहुतेक सर्व राज्यांत त्यांना औषधे लिहून देण्याचा अधिकार नाही.

खेळाडूंना आकर्षण कशाचे?

औषधांविना उपचार हेच खेळाडूंच्या दृष्टीने या पद्धतीचे मोठे आकर्षण आहे. सामना खेळता यावा म्हणून वेदनाशामकांचा मारा करण्याची प्रथा अमेरिकन फुटबॉलमध्ये दीर्घकाळ चालत आली. दुष्परिणामांची पुरेशी कल्पना न देता आपल्याला ही औषधे देण्यात आली, असा आरोप करीत माजी खेळाडूंनी २०१४ मध्ये लीगविरुद्ध दावा दाखल केला. अशा वातावरणात गोळी किंवा इंजेक्शनाविना पाठ मोकळी होत असेल, तर खेळाडू तिकडे वळणारच. उत्तेजक द्रव्यांच्या चाचणीत अडकण्याची भीतीही यात नसते. उपचाराला वेळ थोडा लागतो आणि आराम बहुधा टेबलावरच जाणवतो. दोन सामन्यांमध्ये मोजकेच दिवस हाती असलेल्याला याचे मोल वेगळे सांगायला नको.

नामवंत खेळाडूंची शिफारसही यात भर घालते. परंतु अशा शिफारशीवरून निष्कर्ष काढणे किती कठीण असते, हे टायगर वुड्स यांच्या उदाहरणावरून कळते. आपण नियमितपणे कायरोप्रॅक्टरकडे जातो, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले होते. २०१४ पासून त्यांच्या पाठीवर एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या, २०१७ मध्ये दोन मणके एकत्र सांधावे लागले आणि त्यानंतर २०१९ मध्ये त्यांनी ‘मास्टर्स’ जिंकली. यातले काय कशामुळे घडले, हे एका माणसाच्या अनुभवावरून सांगता येत नाही. त्यासाठी तुलनात्मक प्रयोगच पाहावे लागतात.

आवाज कशाचा?

‘मणका जागेवर बसला’ म्हणून आवाज येतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. सांध्यातील द्रवावरचा दाब झटक्याने कमी झाला की त्यात वायूची पोकळी तयार होते आणि आवाजाचा संबंध त्याच्याशी आहे. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये बोटाचा सांधा ओढतानाची एमआरआय चित्रे टिपून ही पोकळी प्रत्यक्ष दाखवली. बोटे मोडताना आपल्याला ऐकू येतो तो याच जातीचा आवाज.

म्हणजे आवाज आला म्हणून उपचार लागू पडला असे नाही आणि आला नाही म्हणून वाया गेला असेही नाही. झटक्यामुळे सांध्याभोवतालचे स्नायू काही काळ सैल होतात, हालचाल वाढते आणि वेदनेचा मेंदूपर्यंत जाणारा संदेश तात्पुरता मंदावतो, असे अभ्यासकांचे मत आहे. यातील ‘तात्पुरता’ हा शब्द खेळाडूने लक्षात ठेवण्याजोगा आहे.

संशोधन काय सांगते?

कंबरदुखीच्या बाबतीत या उपचाराला बऱ्यापैकी आधार आहे. ‘अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स’ने २०१७ मध्ये नव्याने उद्भवलेल्या कंबरदुखीसाठी शेक, मालीश, ॲक्युपंक्चर यांच्या जोडीने मणक्यांच्या हस्तोपचाराचाही पर्याय सुचवला. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१६ मध्ये अट घातली की, असा उपचार व्यायामासह एकत्रित कार्यक्रमाचा भाग म्हणूनच द्यावा. जुनाट कंबरदुखीवरील ४७ प्रयोगांचा आणि नऊ हजारांहून अधिक रुग्णांचा आढावा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. हस्तोपचाराचा परिणाम व्यायामासारख्या अन्य मान्य उपचारांइतकाच आढळला. तो त्यांच्याहून सरस नव्हता.

खेळाडूंच्या जवळ जाणारा एक प्रयोग अमेरिकी लष्करात झाला. कंबरदुखी असलेल्या सेवेतील ७५० सैनिकांपैकी निम्म्यांना नेहमीचे उपचार आणि उरलेल्यांना त्याबरोबर कायरोप्रॅक्टिक देण्यात आले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सहा आठवड्यांनंतर दुसऱ्या गटाच्या वेदना अधिक कमी झाल्या होत्या. सैनिकांना आपण कोणता उपचार घेत आहोत हे ठाऊक होते, ही या प्रयोगाची मर्यादा.

खेळ सुधारतो का, या प्रश्नावर मात्र पुरावा तोकडा आहे. ब्राझीलमध्ये १८ ज्युदोपटूंवर केलेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मानेवरील उपचारानंतर लगेच मोजलेली पकडीची ताकद वाढलेली दिसली. याउलट उडी, कमी अंतराची धाव किंवा बास्केटबॉलमधील ‘फ्री थ्रो’ यांवरील छोट्या प्रयोगांत ठोस फरक आढळला नाही. अशा प्रयोगांतील खेळाडूंची संख्या अगदीच थोडी असते आणि ताकद पुढच्या रविवारपर्यंत टिकते का, हे त्यांतून कळत नाही.

दुखापत टळते का, याचे उत्तरही अर्धवटच आहे. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरियन फुटबॉल लीगच्या ५९ खेळाडूंवरील अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. हंगामभर कायरोप्रॅक्टिक उपचार घेणाऱ्या गटात पायाच्या स्नायूंच्या दुखापती कमी झाल्या. ज्या हॅमस्ट्रिंगसाठी मुख्यतः हा खटाटोप होता, तिच्या बाबतीतला फरक मात्र संख्याशास्त्रीय कसोटीवर थोडक्यात कमी पडला. याच दुखापतीसाठी गुडघे टेकून, घोटे पकडून ठेवून शरीर हळूहळू पुढे झुकवण्याचा ‘नॉर्डिक’ व्यायाम आहे. आठ हजारांहून अधिक खेळाडूंच्या अभ्यासांचा आढावा २०१९ मध्ये घेतला गेला, तेव्हा या व्यायामाचा समावेश असलेल्या कार्यक्रमांमुळे हॅमस्ट्रिंगच्या दुखापती जवळपास निम्म्यावर आल्याचे दिसले. त्याला ना टेबल लागते, ना उपचारक. लागते ती चिकाटी.

ऐन हंगामात उपयोग कसा करावा?

या सर्वांचा मथितार्थ असा की, कायरोप्रॅक्टिकचे हंगामातील स्थान दुय्यम आहे; पण ते निरर्थक नाही. हंगामापूर्वी दुखऱ्या भागाची तपासणी, व्यायाम आणि सरावाचा भार ठरवणे महत्त्वाचे. हंगामात पाठ किंवा मान आखडली आणि गंभीर कारण नसल्याची खात्री झाली, तर काही बैठकींत आराम मिळू शकतो. त्या आरामाचा उपयोग व्यायाम पुन्हा सुरू करण्यासाठी करायचा असतो. ठरावीक काळात फरक न पडल्यास पुन्हा तपासणी करावी. तक्रार नसतानाही आठवड्याला हजेरी लावायला सांगणाऱ्या, वर्षभराचे पैसे आगाऊ मागणाऱ्या उपचारकापासून दूर राहिलेले बरे.

महत्त्वाच्या सामन्याच्या दिवशी आयुष्यातला पहिला उपचार घेऊ नये. उपचारानंतर अंग दुखणे, थकवा, डोके जड होणे असे किरकोळ त्रास निरनिराळ्या पाहण्यांत साधारण एक तृतीयांश ते निम्म्या रुग्णांना झाल्याचे आढळले आहे. ते बहुधा एक-दोन दिवसांत जातात. पण नेमका तोच दिवस अंतिम सामन्याचा असेल तर?

मानेचा प्रश्न

मानेला झटका देण्याबाबत अधिक सावध राहावे लागते. मेंदूला रक्त पुरवणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांतील छिद्रांतून वर जातात. त्यांचे आतील अस्तर फाटल्यास रक्ताची गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो. असे क्वचितच घडते. शिवाय धमनी आधीच फाटलेली असल्याने मान दुखते आणि म्हणून रुग्ण उपचारकाकडे जातो, असेही संभवते. ‘अमेरिकन हार्ट असोसिएशन’ने २०१४ मध्ये या संबंधाचा आढावा घेतला. कार्यकारणभाव निश्चित सिद्ध झालेला नसला, तरी मानेला झटका देण्यापूर्वी रुग्णाला या शक्यतेची कल्पना द्यावी, असे तिने सुचवले. डोक्याला मार लागलेल्या किंवा मानेला हिसका बसलेल्या खेळाडूची मान तर डॉक्टरांच्या तपासणीआधी कोणीही फिरवू नये.

वेगवान गोलंदाजाची पाठ

भारतीय पालकांच्या दृष्टीने मानेइतकाच कंबरेचा धोका मोठा आहे आणि तो क्रिकेटशी निगडित आहे. वेगवान गोलंदाज चेंडू टाकताना कंबर एकाच वेळी मागे वाकवतो, बाजूला झुकवतो आणि पिळतो. हा ताण शेकडो चेंडूंत साचत गेला की खालच्या मणक्याच्या मागील नाजूक भागात सूक्ष्म तडा जातो. यालाच ‘स्ट्रेस फ्रॅक्चर’ म्हणतात. उजव्या हाताने गोलंदाजी करणाऱ्याला तो बहुधा डाव्या बाजूला होतो. हाडे पूर्ण पक्व न झालेल्या कुमारवयीन गोलंदाजांत त्याचे प्रमाण अधिक असते.

डेनिस लिली यांची पाठ १९७३ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यात अशीच निकामी झाली होती. त्यांना प्लॅस्टरमध्ये राहावे लागले आणि दीर्घ मेहनतीनंतर ते १९७४-७५ च्या ॲशेस मालिकेत परतले. जसप्रीत बुमराह यांना २०१९ मध्ये याच दुखापतीने गाठले. २०२२ मध्ये पाठीच्या दुखण्यामुळे त्यांचा टी-२० विश्वचषक हुकला आणि २०२३ मध्ये न्यूझीलंडमध्ये शस्त्रक्रिया करावी लागली.

सुरुवातीला हे दुखणे साध्या उसणीसारखेच वाटते. झटक्याने किंवा मालीशने चार दिवस बरे वाटते, मुलगा पुन्हा गोलंदाजी करू लागतो आणि तडा वाढत जातो. वेळीच ओळखले तर काही महिन्यांच्या विश्रांतीने हाड बहुधा भरून येते. न ओळखल्यास एका हंगामाच्या हट्टापायी पुढचे अनेक हंगाम पणाला लागतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये कायरोप्रॅक्टिकसाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. अस्थिभंग, गाठ किंवा संसर्ग असलेल्या ठिकाणी झटका देऊ नये, असे त्यांत नमूद आहे. म्हणूनच कुमारवयीन गोलंदाजाची कंबर दुखत असेल, तर आधी क्रीडावैद्यक किंवा अस्थिरोगतज्ज्ञाकडून तपासणी आणि गरजेनुसार एमआरआय, मग बाकी सारे, हाच क्रम योग्य होय.

आपल्याकडची परिस्थिती

हाताने सांधे मोकळे करण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. पायाळू माणसाने पाठीवर हलकी लाथ मारली की उसण जाते, हा समज आजही घरोघरी सांगितला जातो. तालमीत मालीश हा मेहनतीचाच भाग मानला जातो आणि निखळलेला सांधा बसवण्यासाठी हाडवैद्याकडे धाव घेणारेही कमी नाहीत. अनुभवी हातांचे कौशल्य नाकारण्याचे कारण नाही. पण हाताला हाडातला तडा जाणवत नाही, ही मर्यादा हाडवैद्याला आहे तशीच कायरोप्रॅक्टरलाही आहे.

फरक आहे तो नियमनाचा. अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलियात कायरोप्रॅक्टरला परवाना वा नोंदणी लागते आणि चूक झाल्यास तक्रार करण्याची सोय असते. भारतात या व्यवसायासाठी स्वतंत्र वैधानिक परिषद नाही. त्यामुळे परदेशात पूर्ण शिक्षण घेतलेला आणि काही दिवसांच्या शिबिरात झटके शिकलेला, अशा दोघांच्याही दारावर सारखीच पाटी दिसू शकते. फिजिओथेरपिस्टांसाठी महाराष्ट्रात राज्य परिषद आहे आणि २०२१ च्या केंद्रीय कायद्याने त्यांच्यासह अनेक आरोग्य व्यवसायांसाठी देशव्यापी चौकट आखली आहे. पुष्कळ फिजिओथेरपिस्टही मणक्यांवरील हस्तोपचाराचे प्रशिक्षण घेतलेले असतात. तेव्हा पाटीवरील शब्दापेक्षा पदवी, नोंदणी आणि खेळाडूंवर उपचार करण्याचा अनुभव विचारून घेणे श्रेयस्कर.

खेळाडू व पालकांनी हे लक्षात ठेवावे

* रात्री झोपेतून उठवणारी पाठदुखी, ताप, कारणाविना वजन घटणे, पायांतील शक्ती कमी होणे यांपैकी काहीही असल्यास प्रथम डॉक्टरांकडे जावे.

* लघवी किंवा शौचावरील ताबा जाणे, जांघेजवळचा भाग बधिर होणे ही तातडीची लक्षणे होत. विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

* मानेत अचानक, पूर्वी कधी न झालेली वेदना आणि तिच्यासोबत चक्कर, दुहेरी दिसणे, बोलताना जीभ अडखळणे असे झाल्यास मानेला हात लावू देऊ नये. त्वरित रुग्णालयात जावे.

* मागे वाकताना कंबरेत एका बाजूला कळ येत असेल, तर कुमारवयीन गोलंदाजाने गोलंदाजी थांबवून तपासणी करून घ्यावी.

* उपचारापूर्वी जुन्या दुखापती, चालू औषधे आणि तपासण्यांची माहिती द्यावी. ती न विचारता थेट झटका देणाऱ्याकडे उपचार घेऊ नयेत.

* उपचारक पूरक आहार किंवा पावडर देत असल्यास संघाच्या डॉक्टरांना विचारावे. चाचणीत बंदी असलेले द्रव्य सापडले, तर जबाबदारी खेळाडूचीच धरली जाते.

हंगाम दरवर्षी येतो. पाठ मात्र एकच असते. दुखणे थांबले म्हणजे दुखापत बरी झाली असे नव्हे, एवढे भान ठेवून घेतलेला कायरोप्रॅक्टिक उपचार खेळाडूला साहाय्यभूत ठरू शकतो. ते भान सुटले, तर टेबलावरचा तो सुखद आवाज केवळ एका सामन्यापुरताच उरतो.